सुट्या गोळ्यांचा डबा

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार

प्रिय आक्का,

थोरल्या बहिणीला लिहिताना आधी साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. तो तूर्त राहू दे. मला वाकता येत नाही, आणि वाकावंसंही वाटत नाही. पत्र बघून तू दचकशील, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, शेजारी चार बायका मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या असतात, आणि मला बोलायचंय ते आधी तुला एकटीला कळावं एवढी लाज मी अजून राखून आहे. आमचे हे, म्हणजे तुझे लाडके कृष्णातभाऊजी, आज संध्याकाळी हे पाकीट कोडोलीत आणून देतील. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतंय, बायको किडनीबद्दल बहिणीचे आभार मानतेय. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले होते.

तब्येत विचारशील, तीही रीतच. डायलिसिससाठी कोडोली सोडून इथं बावड्यात राहायला आल्यापासून आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपते. हातातली शीर ऑपरेशन करून फुगवलीय, ती सतत घुरघुरते, मांजर कुशीत घेतल्यासारखी. मशीनवरून उठले की अंगात त्राण नसतं, दुसऱ्या दिवशी जरा माणसात येते, तोवर परत मशीन. पाणी मोजून मिळतं. फारच जीव तळमळला की हे बर्फाचा खडा देतात, तो जिभेवर ठेवून डोळे मिटून बसते. मीठ नाही, टोमॅटो नाही, बटाटा उकळून पाणी टाकून द्यायचं आणि मग खायचा, आणि चटणी तर नावालाही नाही. जिच्या भाजणीमुळं तुझी चटणी पुण्यामुंबईला पोचली, तिच्या ताटात आता आजारी माणसाचं पांढरं पातळ कालवण असतं. डॉक्टर म्हणतात, किडनी बदलली तर यातलं पुष्कळ सुटेल. नाही बदलली तर असंच चालेल, चालेल तितके दिवस. हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता फाईलकडे बघतात. मी छत्तीस वर्षांची आहे, आक्का.

मलकापूरचा आपला घरामागचा ओढा आठवतो का तुला? पाणी चढलं की तू मला पाठुंगळी मारून पलीकडं शाळेत पोचवायचीस आणि स्वतः ओल्या परकरानं दिवसभर वर्गात बसायचीस. बाबा गेले तेव्हा मी एवढीशी होते, मला त्यांचा चेहरा फोटोतलाच माहीत. आई दुसऱ्यांच्या भातात लावणीला जायची आणि माझी वेणी, माझं जेवण, माझं आजारपण सगळं तू बघायचीस. तुझं लग्न लागलं तेव्हा मी मांडवात भोकाड पसरलं. तू मुंडावळ्या सावरत सगळ्यांदेखत ओरडलीस, "रडू नगंस गं, तुलाबी तिकडंच नेती." आणि नेलंस. दोघी बहिणी एका घरात द्यायची पद्धत आपल्याकडं जुनीच आहे, पण आपल्या बाबतीत ती तू आईच्या आणि दाजींच्या मागं लागून घडवून आणलीस. बहीण तीच जाऊ. लोक म्हणायचे, वर्षाराणीला सासरातच माहेर मिळालं. सासूबाई मला एक बोलल्या तर तू त्यांना दोन ऐकवायचीस. यातलं काहीही मी विसरलेली नाही, आणि विसरता येत नाही याचाच संताप आहे. परकीनं केलं असतं तर चार शिव्या घालून केव्हाच मोकळी झाले असते.

चटणीचा धंदा तुझ्याच डोक्यातून निघाला, हे कुणीही मान्य करील. मीही करते. ब्याडगी किती, जवारी किती, मिरची कुठून आणायची, कुठल्या गिऱ्हाइकाला ताई म्हणायचं आणि कुठल्याला मॅडम, हे तुलाच जमायचं. पाकिटावर तुझा फोटो आला, तोही ठीक. तू दिसायला ठसठशीत आहेस. भाजायला मात्र मी. खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं, धणे कधी थांबवायचे, कांदा तळताना कितपत काळा होऊ द्यायचा, हे माझ्या हाताला कळायचं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या कढयांसमोर सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभं राहायचं, शेजारी कांडपाचा दणदणाट, डोळ्यांत नाकात तिखट. आणि पाणी? कोडोलीत चटणी केलेल्या कुठल्याही बाईला विचारलं तर ती सांगेल, सीझनमध्ये दिवसा पाणी प्यायचं नसतं. पाणी प्यालं की जावं लागतं, आणि मिरचीचे हात कितीही धुतले, तेल लावलं, ताक लावलं तरी मग कुठं आग पेटते ते बायकांनाच ठाऊक. म्हणून आम्ही सगळ्याजणी कपभर चहावर दिवसभर कोरड्या राहायचो आणि वर त्याच्यावरून एकमेकींची टिंगल करायचो.

धण्याचं पोतं ओढताना माझ्या कमरेत चमक भरली, तेव्हा तूच धावत आलीस. आधी तेल चोळलंस, मग स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी दिलीस. म्हणालीस, "घे, बघ कशी उडी मारून उठतीस." खरंच उठले. दुसऱ्या दिवशी परत घेतली. मग सकाळी एक, संध्याकाळी एक, असं चालूच झालं. मिरचीच्या हातानं पट्टी फाडली तर गोळीला तिखट लागतं, म्हणून तू रविवारी स्वच्छ हातांनी सगळ्या पट्ट्या फोडून गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सुट्या भरून ठेवायचीस, वर एक चमचा. बाकीच्या बायका म्हणायच्या, अशी जाऊ सात जन्म मिळायची नाही. त्या गोळीचं नाव काय, ती किती दिवस घ्यायची, उपाशीपोटी चालते का, मला कधी कळलंच नाही. नाव पट्टीवर असतं, आणि पट्ट्या तू बंबात टाकायचीस.

मग एका दिवाळीच्या आधी तुझे पाय सुजले. तू गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त-लघवी तपासून आलीस आणि घरी सांगितलंस, मुतखडा झालाय, पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. तेव्हापासून तू शेडमध्ये मिरचीला हात लावला नाहीस. गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागलीस, शेजारी ती भलीमोठी पाण्याची बाटली. आणि डब्यातली गोळी घेणंही बंद केलंस. हे माझ्या लक्षात आलं होतं बरं का. मी एकदा विचारलंही, आक्का, तुझा गुडघा बरा झाला का, तू आता घेत नाहीस? तू पाकिटं मोजता मोजता म्हणालीस, "मला आता नगं वाटतंय त्ये. तुझं वय तरणं हाय, तुला पचतंय की." मला केवढं बरं वाटलं होतं, माझं तरणं वय कुणीतरी काढलं म्हणून. डबा मात्र दर रविवारी भरतच राहिला. कमरेचा फोटो काढून घेते, कोल्हापूरला दाखवून येते, असं मी कितीदा म्हटलं. प्रत्येक वेळी तुझं एकच, एवढी ऑर्डर जाऊ दे. उन्हाळा गेला की गणपतीची ऑर्डर, ती गेली की दिवाळीची.

गेल्या मेमध्ये मी कढईसमोरच पडले, ते तू बघितलंसच. त्याआधी कितीतरी दिवस मला अन्नाचा वास सहन होत नव्हता, सकाळी चेहरा सुजायचा, चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची, आणि मी समजत होते की ऊन बाधलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, दुखण्याच्या गोळ्या खाता का? हे घरी जाऊन डबा घेऊन आले. डॉक्टरांनी त्यातली एक गोळी तळहातावर घेतली, उलटी केली, आणि म्हणाले की ही चार-पाच दिवस घ्यायची गोळी आहे, वर्षानुवर्षं जेवणासारखी खायची नव्हे. दुखणं थांबवताना ती किडनीला जाणारं रक्तही कमी करते, त्यात तुम्ही दिवसभर त्या आगीपुढं बिनपाण्याच्या, मग किडनीनं करायचं काय? कुणी दिल्या म्हणून त्यांनी विचारलं. तू माझ्या उशाशीच उभी होतीस. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हणाले, मीच माझ्या मनानं आणून खाल्ल्या. का म्हणाले? तू घाबरलेली मला बघवेना म्हणून. त्या वाक्यानं मी तुला वाचवलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या भावकीत मी अडाणी ठरले. येईल तो मला ऐकवून जायचा, शिकलेली असून मनानं गोळ्या खाल्ल्या, नवऱ्याला देशोधडीला लावलं. तू समोर चहाचे कप ठेवत असायचीस. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही, की अहो, डबा मी भरत होते.

मग गौरीजेवणाचा दिवस. सगळी भावकी जमलेली, आई मलकापूरहून आलेली, मी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. माझ्यासाठी किडनी कुणाची, हा विषय निघाला. ह्यांना साखर आहे, आईचं वय झालं, आणखी कुणाचं नाव निघेना. आणि तू हातातलं ताट खाली ठेवून म्हणालीस, "माझी घ्या की. एक काय घिऊन बसलाय, दोन्ही काढून घ्या म्हणावं. बहीण हाय माझी." आईनं तुला मिठी मारली. दाजींनी खाली बघत डोळे पुसले. मी तर इतकी रडले की मला श्वास लागला. घरी जाताना मी ह्यांना म्हणाले, गोळ्यांचं सगळं मी विसरून गेले, आता एक शब्द मनात ठेवणार नाही. आणि देवाशपथ, ठेवलाही नाही.

पुढं ऑपरेशनच्या फाईलला जुने कागद लागले म्हणून मी गावातल्या डॉक्टरांकडे गेले. तुला माहीत आहे, ते बोलायला लागले की थांबत नाहीत. माझे रिपोर्ट बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, तुमच्या घरात ह्या गोळ्या राहिल्याच कशा? संयोगिताताईंना मी हात जोडून सांगितलं होतं की ह्या गोळ्यांनीच तुमच्या किडनीला सूज आलीय, मुतखडा-बितखडा काही नाही. आजपासून बंद करा, पाणी प्या, आणि घरात दुसऱ्या कुणालाही देऊ नका. त्या म्हणाल्या, गेल्या गेल्या सगळ्या उकिरड्यावर टाकते. परत तपासायला मात्र आल्या नाहीत. ते पुढं म्हणाले, वेळेवर बंद केल्या तर बऱ्याच जणांचं सावरतं, त्यांचंही सावरलं असेल. आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाले. ते जे बोलले नाहीत तेही मला ऐकू आलं. मीही सावरले असते.

म्हणजे तुला माहीत होतं. ती गोळी काय करते हे तुझ्या स्वतःच्या पायांवर सूज आली तेव्हाच तुला कळलं होतं. तू तुझा हात डब्यातून काढून घेतलास आणि डबा माझ्याकडे सरकवलास, कारण गोळीवाचून मी आडवी झाले असते तर भाजणी कोण करणार होतं? तिथून स्टँडकडे चालत येताना मला दुसरीही गोष्ट उमगली, आणि ती पहिलीपेक्षा जास्त झोंबली. गौरीच्या दिवशी तू एवढ्या मोठ्यानं किडनी देऊ केलीस, ती आपली घेतली जाणारच नाही या खात्रीनं. आपल्या किडन्या नासलेल्या आहेत, तपासणीत डॉक्टर नको म्हणतील, मग आपण डोळे पुसायचे आणि देणारी म्हणून मिरवायचं. आईच्या मिठीत तू उभी होतीस तेव्हा मनातल्या मनात हा हिशेब मांडत होतीस. आक्का, गोळ्यांचं एक वेळ मी भीती म्हणून, हाव म्हणून, मूर्खपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशीचं माझं रडणं तू फुकट घेतलंस.

आणि मग देव पावला म्हण किंवा काय ते म्हण, तुझे रिपोर्ट आले. किडनी विभागात क्रांती नावाची एक गोड मुलगी आहे, देणारे-घेणारे, कागद, तारखा सगळं तीच बघते. मी मशीनवर असताना ती पळत पळत येऊन म्हणाली, ताई, बहिणीचं सगळं जुळलं, दोन्ही किडन्या अगदी उत्तम आहेत, उद्या त्यांना फोन करते. मी तिचा हात हातात घेऊन हसले. तिला वाटलं आनंदानं हसतेय. आनंद होताच, पण तिला वाटला तसला नव्हता. तुला तिचा फोन जायच्या आधी मी भावकीतल्या आपल्या संघर्षला फोन लावला. त्याचं फ्लेक्सचं दुकान आता झोकात चाललंय. कोडोलीच्या नाक्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जो फ्लेक्स लागला, दहा फुटी, चटणीच्या पाकिटावरचाच तुझा फोटो, "सख्ख्या बहिणीला किडनीदान करणाऱ्या आदर्श भगिनी सौ. संयोगितावहिनी यांचे हार्दिक अभिनंदन", तो कुणी लावला म्हणून तू सगळ्यांना विचारत फिरलीस ना? मी लावला. खाली "भावी सरपंच" हे मात्र संघर्षनं स्वतःच्या मनानं घातलं, त्यात माझा हात नाही.

त्या दिवशी तुझा चेहरा बघायला मी काय वाटेल ते दिलं असतं. ह्यांनी सांगितलं, तू दूध घालायला निघालीस आणि फ्लेक्सखाली किटली घेऊन खांबासारखी उभी राहिलीस. लोक थांबून नमस्कार करत होते. मग क्रांतीचा फोन. मग तुला चक्कर यायला लागली, छातीत कळ यायला लागली, गुडघाही अचानक परत दुखायला लागला. दाजींना तू सांगितलंस म्हणे, "जोतिबाला कौल लावून बघूया का एकदा?" मला इथं बसून सगळं कळत होतं आणि, खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं. पाणी मोजून पिणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घशाला पडलेली कोरड बघायला मिळाली, तर ती का सोडेल? जिथं जाशील तिथं हार. महिला मंडळानं साडी-चोळी दिली, शाळेनं मुलींसमोर भाषणाला बोलावलं. तुला भाषण करता येत नाही हे मला चांगलं माहीत आहे. तू "बहिणीसाठी एवढं तर करायलाच पायजे" एवढं बोलून बसलीस, आणि टाळ्या थांबेनात.

माझा विचार असा होता की तुला घेरायचं, सगळ्या वाटा बंद करायच्या आणि तुझी किडनी वसूल करायची. एक वाट मात्र उघडी राहिली होती, आणि ती तुला सापडलीय हेही मला ठाऊक आहे. उद्या डॉक्टर तुला एकटीला आत बोलावतील आणि विचारतील, कुणाच्या दबावाखाली देताय का? तेव्हा तू किडनी द्यायची नाही म्हणालीस तर ते तुझ्यावर काही येऊ देणार नाहीत, बाहेर फक्त एवढंच सांगतील की यांची घेता येत नाही. हा त्यांचा नियम आहे, आणि चांगला नियम आहे. म्हणून तू उद्याच्या तारखेची एवढी चौकशी करत होतीस. ती वाट बंद करायची युक्तीही मी शोधून ठेवली होती. पण परवा आई आली.

आई आधी कोडोलीत उतरून तुझ्याकडे गेली, तुला ओवाळलं, तुझी ओटी भरली, आणि मग इथं आली. माझ्या खाटेवर बसून तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू मनानं गोळ्या खाऊन संसाराची माती केलीस, पर तुझ्या आक्कानं सावरलं बघ. सोमवारी दवाखान्यात गेलीस की आधी तिच्या पायावर डोकं ठिव." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जो खड्डा मी तुझ्यासाठी खणला त्यात मीच पडले होते. फ्लेक्स मी लावला, हार मी घातले, देवी मी केली. तू उद्या हो म्हणालीस तर जन्मभर देवी, नाही म्हणालीस तर बिचारी, मनात होतं पण तब्येतीनं साथ दिली नाही. आणि मी दोन्हीकडून मनानं गोळ्या खाणारी अडाणी. मी मेले तरी आई हेच सांगत राहील, आणि जगले तर रोज सकाळी तुझ्या फोटोला हात जोडायला लावील. तुझा सूड घ्यायला निघाले आणि तुझीच आरती करून बसले.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी दहाला सगळे येतील, आई, दाजी, हे, भावकीतली माणसं गाडी करून. तू आत जायच्या आधी, बाहेरच्या बाकांवर, सगळ्यांसमोर बोलायचं, की डबा मी भरत होते, त्या गोळ्यांनी काय होतं ते मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी भरत राहिले आणि माझ्या बहिणीला दिल्या. एवढंच. त्यानंतर आत जाऊन हो म्हण नाहीतर नाही म्हण, त्यावर माझा हक्क नाही आणि मी एक शब्द विचारणार नाही. हो म्हणालीस तर मी ती किडनी घेईन आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. तू बोलली नाहीस, तर तुझ्यामागून डॉक्टर मला आत बोलावतील तेव्हा मी सांगेन की मला ही किडनी नको, आणि बाहेर येऊन का नको ते आईच्या समोर मीच सांगेन. लोक म्हणतील, दुसऱ्याला अपशकुन करायला हिनं स्वतःचं नाक कापून घेतलं. म्हणू देत. दुसरी किडनी मिळेपर्यंत मशीनवर काढीन, मिळाली नाही तर नाही. ही धमकीच आहे, विनंती समजू नकोस. खूप विचार करून लिहिलीय आणि मी मागं हटणार नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे, तूच वाढवलायस. पण आक्का, मला मरायचं नाही गं. मला जगायचंय, तुझ्या पाया न पडता जगायचंय. उद्या एकदा तोंड उघड.

तुझीच,
वर्षाराणी